पाच म्हणजे पाच!

मे महिन्यात बोटीत बसायचं आहे, पण गर्दी नको आहे, असं म्हटलं की पुण्यातल्या प्रत्येक कुटुंबप्रमुखाला एकच युक्ती सुचते. पहाटे पाचला निघायचं. "पाच म्हणजे पाच! सव्वापाच झाले तर मी थांबणार नाही." हे तो आदल्या रात्री जिन्यात उभा राहून, शेजाऱ्याला नीट ऐकू जाईल अशा बेताने सांगतो. शेजारी हळूच दार लोटून घेतो आणि बायकोला म्हणतो, "आपण पावणेपाचला निघू."

याचं फळ बघायचं असेल तर मे महिन्यातल्या कुठल्याही शनिवारी पहाटे स्वारगेटला यावं. जमिनीखालची मेट्रो अजून झोपलेली असते. वर मात्र टेम्पो ट्रॅव्हलर, टपावर बॅगा बांधलेल्या गाड्या, स्टँडच्या तोंडाशी पिशव्यांवर पेंगणारी पोरं, दशम्यांचे डबे आणि उलटीची गोळी घेतली का, अशा हाका. उड्डाणपुलाखालचा सिग्नल तीनदा सुटला तरी गाडी जागची हलत नाही. ड्रायव्हरशेजारी बसलेले अप्पा काच खाली करून पुढच्या रांगेकडे बघतात आणि खऱ्याखुऱ्या आश्चर्याने विचारतात, "एवढ्या पहाटे हे सगळे निघालेत तरी कुठे?"

अप्पांचा प्रश्न प्रामाणिक असतो. आपण सोडून उरलेले ते सगळे गर्दी. आपण सहकुटुंब निघालो की ती सहल.

मग ही सहल कात्रजच्या बोगद्यातून रांगत खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर पोचते. तिथे तमाम पाचवाल्यांची सर्वसाधारण सभा भरलेली असते. पुढे खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, पसरणीचा घाट. कोणी वेण्णा तलावावर थांबतो. कोणी "छे, तिथे फार गर्दी" म्हणून तापोळ्याला शिवसागराच्या काठी उतरतो, आणि ज्याला तापोळाही सगळ्यांना ठाऊक झाल्याचा संशय आहे तो साताऱ्याहून कासमार्गे बामणोली गाठतो. तिन्ही धक्क्यांवर दृश्य एकच. बोटीचा नंबर लागायला दीड तास. ऊन टाळूवर. मागच्या फेरीतल्या माणसाच्या घामाने ओलं झालेलं लाइफ जॅकेट काखेत. आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: "तरी आपण लवकर आलो म्हणून बरं."

हे वाक्य रांगेत पहिला उभा असलेला म्हणतो, त्यात नवल नाही. पण रांगेतला अगदी शेवटचा माणूसही तेच म्हणतो. त्याच्यामागे अजून कोणीच नाही. तो कोणापेक्षा लवकर आला, हे त्याला विचारायची सोय नाही.

बरं, हे इथेच थांबतं का? पाचला गर्दी झाली म्हटल्यावर पुढच्या वर्षी चार. चारला चहाची टपरीही गजबजलेली दिसली की साडेतीन. माझ्या माहितीतले एक गृहस्थ आता रात्री बूट घालूनच झोपतात. साडेतीनवाल्यांना चुकवायला काहींनी शुक्रवारी रात्री जेवून निघायचं ठरवलं, तर वाईत अकरा वाजता रात्रीवाल्यांची कोंडी. रात्र चुकवायला काहींनी वार बदलला आणि मंगळवारी रजा टाकली. तलावावर त्यांना त्यांच्याच ऑफिसचे चौघे भेटले, त्यातले दोघे आजारपणाच्या रजेवर. वार बदलून भागेना म्हणून महिना बदलला. नोव्हेंबरात गेले तर दिवाळीच्या सुट्टीवाले, डिसेंबरात शाळांच्या सहली, जानेवारीत सव्वीस तारखेला जोडून आलेला शनिवार. भर पावसात बोटी काठाला बांधून ठेवतात. त्या दिवसांत बोटीला बिलकुल गर्दी नसते, हे निरीक्षण एका अभ्यासू सभासदाने सोसायटीच्या बैठकीत गंभीरपणे मांडलं आणि त्याची इतिवृत्तात नोंदही झाली. हा सगळाच भाग हाताबाहेर गेला असं वाटून एक कुटुंब मे महिन्यात थेट केरळात गेलं, अलेप्पीच्या कालव्यांत. नारळाची झाडं, हिरवं पाणी, हाउसबोटीचा गारवा. इतक्यात शेजारून चाललेल्या बोटीच्या वरच्या मजल्यावरून हाक आली, "अहो, तुम्ही सहकारनगरचे ना? आम्ही मुद्दाम ऑफ-सीझनला आलो!"

आता माझी सूचना ऐका. पाणी हवं, बोट हवी, भर उन्हाळ्यात हवी आणि आसपास एकही माणूस नको, अशी जागा स्वारगेटातच आहे. मुठा उजवा कालवा. एकोणिसाव्या शतकात खडकवासल्याच्या धरणाबरोबर आला. आज सुमारे २०० किलोमीटर धावत इंदापूरपर्यंत जातो. जनता वसाहत, दांडेकर पूल, स्वारगेट, एम्प्रेस गार्डन, हडपसर, लोणी. एवढा रम्य जलमार्ग, पण पाणी बघायला शंभर-सव्वाशे किलोमीटर जाणारा पुणेकर त्याच्या पुलावरून गाडी हाकताना मान वळवत नाही. दौंड-इंदापूरच्या शेतीसाठी उन्हाळी आवर्तन सुटलं की ऐन मे महिन्यात कालवा भरून वाहतो. पाणी उताराने जातं, म्हणजे इंधन लागत नाही. खडकवासल्याला बसायचं, स्वारगेटला उतरायचं, आणि सिंहगड रस्त्यावरचे सगळे सिग्नल बाजूला पडतात. परतीचं काय, हे विचारू नका. सिंहगड रस्त्याने संध्याकाळी परतणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. एकच अडचण आहे. काही पूल फार खाली आहेत, तिथे मान वाकवावी लागेल, आणि पुणेकराला तो सराव नाही.

यात नवं काही नाही. जवळच आज सारसबाग आहे ना, तिथे पेशवाईत तळं होतं. म्हणून तर तो तळ्यातला गणपती. असं सांगतात, की कानावर जाऊ नये अशी खलबतं तेव्हा त्या तळ्यात नावेत बसून होत आणि वल्ही मारायला मराठी न कळणारे हबशी नावाडी नेमलेले असत. गर्दी टाळण्याचा हा खरा बंदोबस्त. पुढे तळं गेलं, बाग आली. आता तिथे भेळ खाताना शेजारच्या बाकावरचं घटस्फोटाचं प्रकरण कलमांसकट ऐकू येतं.

तर जलविहाराच्या पाहणीसाठी म्हणून मी कालव्यावरच्या पुलाच्या कठड्याशी उभा राहिलो. एक गाडी थांबली. मागच्या काचेवर झाडं लावण्याचा संदेश, टपावर बॅगा. काच खाली आली, आतून एक हात आला, हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. निर्माल्य. पिशवी पाण्यात, काच वर, गाडी साताऱ्याच्या दिशेने. हे गृहस्थ चार तासांनी शिवसागराच्या काठावर उभे राहून फोटो टाकणार आणि खाली लिहिणार, किती नितळ पाणी, नाहीतर आपलं पुणं! अरे, आपलं पुणं आता तुझ्या हातातून सुटून दांडेकर पुलाकडून हडपसरकडे तरंगत गेलं की! देवाला वाहिलेलं फूल पायाखाली येऊ नये म्हणून एवढा जीव, आणि त्याच फुलाने कुजलेलं पाणी लोणीच्या पुढे कोणाच्या तरी उसाला, कोणाच्या तरी गाईला जाणार, त्याची खंत शून्य. तुटलेल्या काचेच्या तसबिरी, सत्यनारायणाच्या केळीचे खुंट, थर्माकोलचं मखर, शिळी खिचडी. कालव्यात टाकलं की पवित्र होतं, असं कुठल्या पोथीत आहे? आणि त्याच कालव्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत माणसं राहतात, ती यांच्या लेखी घाण करणारी. २७ सप्टेंबर २०१८ला सकाळी अकराच्या सुमारास दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली, तेव्हा त्या खोल्यांतले पिठाचे डबे, पोरांची दप्तरं, गाद्या, गॅसच्या शेगड्या पाण्यात गेल्या. त्यांनी कुठल्या जलविहाराचं बुकिंग केलं नव्हतं. त्या दिवशी बाकीच्या शहराची मुख्य तक्रार होती, की सिंहगड रस्ता बंद आहे.

असो. रागावून उपयोग नाही, रक्तदाबाची गोळी एकच मिळते.

शिवाय घाई केलेली बरी. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगदा खणून सगळं पाणी जमिनीखालून न्यायची योजना आहे. गळती थांबेल, चोरी थांबेल, पिशव्याही थांबतील. योजनेत वाईट काही नाही. फक्त त्यानंतर शहरातल्या कोरड्या कालव्याच्या जागी रस्ता करायचा का, यावर आजच बोललं जातं. म्हणजे आधी तळं गेलं, मग कालवा जाईल, आणि झालेल्या रस्त्यावरून लोक पाणी बघायला लवकर बाहेर पडू शकतील.

हा सगळा बेत मी जिन्यात आमच्या कुटुंबप्रमुखांना सांगितला. मार्ग, आवर्तन, पुलांची उंची, सगळं. त्यांनी खिशातून वही काढली, "खडकवासला ते स्वारगेट" असं लिहून खाली रेघ मारली आणि आवाज खाली आणून विचारलं, "हे अजून कोणाकोणाला बोललात?"

म्हटलं, "परवाच्या अंकात छापून येतंय."

त्यांनी पान फाडलं. "मग काय राहिलं हो त्यात!"