एका तारेवर दोन शहाणे : स्मार्ट बटण व स्मार्ट दिवा एकत्र नांदवण्याची पद्धती

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत विजेला दुरून हुकूम सोडण्याची विद्या स्मार्ट दिव्यापेक्षा जुनी आहे. फोन लावताच विहिरीवरची मोटार चालू करणारी सिमकार्डाची पेटी, म्हणजे मोबाइल स्टार्टर, आणि थ्री फेज येताच कोणालाही न विचारता पंप सुरू करणारा ऑटो स्विच, ही दोन्ही उपकरणे नारायणगाव, ओतूर, मंचरकडच्या मळ्यांत घरच्यासारखी झाली आहेत. तोच चमत्कार माजघरात आणावा, ही इच्छा त्यामुळे स्वाभाविक ठरते. परंतु मळ्यातली मोटार स्वतःची अक्कल चालवत नाही म्हणून स्टार्टरचे मुकाट ऐकते, तर घरात बटणही शहाणे आणि दिवाही शहाणा निघाल्यामुळे दोघांचा संसार शास्त्रोक्त पद्धतीनेच मांडावा लागतो.

संज्ञाविचार

स्मार्ट दिवा म्हणजे पोटात बिनतारी ग्रहणयंत्र असलेला एलईडी बल्ब होय. तो विझलेला दिसत असला तरी पुढच्या आज्ञेसाठी कान देऊन जागा असतो आणि त्या जागरणापुरती किंचित वीज सतत घेत राहतो. स्मार्ट बटण म्हणजे बोर्डामागे बसवलेला रिले, अर्थात विद्युतचुंबकाच्या जोरावर फेजची तार जोडणारा वा तोडणारा संपर्क होय. यावरून असे दिसते की ‘बंद’ या एकाच शब्दाचा अर्थ दिव्याच्या लेखी ‘झोप’ असा आणि बटणाच्या लेखी ‘अन्नपाणी तोडणे’ असा होतो. नारायणगावाजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने, जिच्या ३० अँटेनांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे, सुमारे ८८० कोटी वर्षे प्रवास करून आलेली हायड्रोजनची क्षीण लहर टिपल्याचे २०२३ साली जाहीर झाले. त्याच परिसरातल्या एखाद्या ओटीवरून पाठवलेला संदेश चार हातांवरच्या दिव्याला पोहोचत नसेल, तर दोष अंतराचा नसून कोणीतरी भिंतीवरचे बटण बंद केले आहे, असे खुशाल समजावे.

विधी

प्रथम सत्ता कोणाची हे ठरवावे. दिवा केवळ लावायचा आणि मालवायचा असेल, तर शहाणपण भिंतीत ठेवून होल्डरमध्ये साधा एलईडी बल्ब लावावा. गणपतीच्या मखरामागे सकाळी केशरी व आरतीला जांभळा प्रकाश हवाच असेल, तर शहाणपण दिव्यात ठेवावे आणि बटणाला विलग अवस्थेत घालावे, म्हणजे रिले कायम जोडलेला राहून बटण दाबल्यावर फेज न तुटता फक्त निरोप जाईल. ज्या बटणात ही सोय नाही, त्याच्या जागी वायरमनकडून फेज थेट जोडून घ्यावा आणि भिंतीवर घड्याळाच्या सेलवर चालणारे बिनतारी बटण चिकटवावे. प्रकाश कमीजास्त करणारा डिमर मात्र स्मार्ट दिव्यामागे कधीही लावू नये, कारण दिवा आपला प्रकाश स्वतःच कमी करत असताना मागून वीजही कापली गेली, तर तो डोळे मिचकावून निषेध नोंदवतो.

त्यानंतर न्यूट्रलचा शोध घ्यावा. अनेक जुन्या घरांत बोर्डापर्यंत केवळ फेज येतो आणि परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, परस्पर होल्डरकडे जाते. अशा बोर्डात न्यूट्रलविना चालणारे स्मार्ट बटण आपल्या पोटापुरती वीज दिव्यातूनच चोरून घेते आणि त्या चोरीचा पुरावा म्हणून मालवलेला दिवा रात्रभर मंद तेवत राहतो. घरात कोणी अंगारा आणण्यापूर्वी होल्डरला समांतर असा छोटा कपॅसिटर जोडून घ्यावा. पंपाला कपॅसिटर लावा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करत आले आहे. ते काम निराळे असले, तरी कपॅसिटर आणायला दुकानात गेलेल्या गृहस्थाने दोन्ही आणल्यास एका खेपेत दोन पुण्ये पदरात पडतात.

तिसरी पायरी लाइट जाण्यायेण्याची आहे. लाइट परत आल्यावर दिव्याने काय करावे, हे आधीच नेमून न दिल्यास बहुतेक दिवे आपण होऊन पेटतात आणि रात्री दोन वाजता अख्खे घर लग्नघरासारखे उजळते. सगळे ऑटो स्विच एकदम ओढू लागले की गावची डीपी, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर, का जळते याचे हे घरगुती प्रात्यक्षिक होय. शिवाय अनेक दिव्यांना, वीज तीन ते पाच वेळा झटपट तोडून जोडल्यास जुना मालक विसरण्याची शिकवण दिलेली असते. वळवाच्या पावसात तारा हेलकावू लागल्या की ही खूण आभाळच करते, आणि स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकत नव्या धन्याची वाट पाहू लागतो.

अपवाद

अंगणातल्या दिव्याला हे शास्त्र लागू करू नये. ऊस वाढला की बिबट्या घरामागच्या बांधापर्यंत येतो, याचा अनुभव जुन्नर वनविभागातील वस्त्यांना आहे आणि माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र त्याची साक्ष देते. अशा घरातली आजी रात्री दाराची कडी काढण्यापूर्वी चौकटीवरून डावा हात फिरवते, बोटांना खटका लागतो, दिवा पेटतो, आणि गोठ्यापर्यंतचे अंगण नीट पाहून झाल्यावरच ती उंबरा ओलांडते. या क्रमात राउटर, पासवर्ड आणि ‘उपकरण सापडत नाही’ ही सूचना यांना कोठेही जागा नाही. परत येताना तीच आजी, जन्मभराच्या सवयीने, माजघराचे बटणही बंद करत जाते. त्यावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवण्याचा उपाय सांगितला जातो, परंतु अंधारात चिठ्ठी वाचता येत नसल्याने तो निष्फळ ठरतो.

म्हणून उपकरण विकत घेण्यापूर्वी एकच हिशेब करावा : ते अंधारातली किती पावले वाचवते? रात्रपाळीची थ्री फेज आली असता उसातून विहिरीपर्यंत जाण्याची पायपीट मोबाइल स्टार्टर वाचवतो. माजघरातला स्मार्ट दिवा पलंगापासून भिंतीपर्यंतची चार पावले वाचवतो, आणि आजीने बटण बंद केले असल्यास तीही वाचत नाहीत.