आमचा मंगळवेढ्याचा माणूस

आमची ज्वारी मंगळवेढ्याहून येते.

हे वाक्य मी कुठल्याही संभाषणात बसवू शकतो. कोणी मुलाच्या अमेरिकेतल्या नव्या घराचं वर्णन करायला लागलं, की मी फक्त 'तिकडे ज्वारी मिळते का हो?' एवढंच विचारतो. पुढचा रस्ता उताराचा आहे. कोणी गुडघा बदलल्याचं सांगितलं, तर 'भाकरी खाता ना?' पुरतं. परवा एका तेराव्याच्या जेवणात मी ताटातल्या पोळीकडे बघून नुसता सुस्कारा टाकला, तर हिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

पुण्यात पूर्वी माणसाची पत ओळखीचा डॉक्टर, रेल्वेतला साडू आणि गॅस एजन्सीतला मित्र यांच्यावर ठरायची. मोबाइलवर सगळंच मिळायला लागलं आणि या ओळखींना कोणी विचारेना. आता पत ठरते ती तुमचा 'माणूस' कुठे कुठे आहे यावर. आमच्या सोसायटीत बी विंगेतल्या एकांचा आंब्याचा माणूस देवगडला आहे, गुळाचा कोल्हापुराजवळ, हळदीचा सांगलीला आणि काजूचा वेंगुर्ल्याला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा माणूस आजऱ्याचा घनसाळ तांदूळ पाठवतो. भात शिजायला लागला की त्या जिन्याकडचं दार उघडं ठेवतात. 'हवा खेळती राहावी म्हणून हो,' म्हणतात. माझा माणूस एकच, पण तो मंगळवेढ्याचा; आणि मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, हे मी वहिनींना जिन्यातच सांगून ठेवलेलं आहे.

ज्वारीकडे मी वळलो ते रक्तातल्या साखरेमुळे. पण हे कारण चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. सुदैवाने संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं आणि ज्वारीला एका रात्रीत प्रतिष्ठा आली. ज्या भाकरीला आमच्या लहानपणी 'पोळी परवडत नाही म्हणून' असं शेपूट असायचं, ती हॉटेलात लाकडी पाटावर येऊ लागली. माझी साखर त्याच सुमारास वाढली. त्यामुळे मी संयुक्त राष्ट्रांच्या विनंतीला मान दिला, असं म्हणायला वाव आहे.

माणूस मिळाला तो मित्राच्या मेहुण्याच्या ओळखीतून. फोन करण्याआधी मी शेतीवर भरपूर वाचून घेतलं होतं.

"सेंद्रिय आहे का?" मी.

"म्हंजे?"

"म्हणजे फवारणी वगैरे काही करता का?"

"काका, कोरडवाहू ज्वारी हाय. फवारायला पैसं आसतं तर द्राक्षं न्हाई का लावली?"

मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : 'शंभर टक्के विषमुक्त. शेतकऱ्याची स्वतःची ग्वाही.' मग पाण्याचं विचारलं. तो म्हणाला, "वरनं यील ते." 'नैसर्गिक जलस्रोत' हेही ग्रुपवर गेलं. जात कुठली, तर मालदांडी. हे मला आधीच माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मालदांडी म्हणजे एम 35-1, मोहोळला 1930च्या दशकात निवडून काढलेली. तेव्हापासून कितीतरी नवी वाणं आली, उत्पादनात तिला मागे टाकून गेली, पण भाकरीचा विषय निघाला की शेतकरी अजून हिचंच नाव घेतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हे सगळं मी त्यालाच ऐकवलं. तो बराच वेळ शांत होता. मग म्हणाला, "बरं. किती पोती टाकू?"

इथे मला दामाजीपंतांविषयी बोलायचं आहे. तशी गरज नाही, पण मंगळवेढ्याचं नाव काढून दामाजीपंतांवर न बोलणं मला जमत नाही.

राज्यात 2016च्या सुमारास शेतकऱ्यांनी थेट ग्राहकाला माल विकावा म्हणून आठवडे बाजार भरवायला लागले. त्यांना संत सावता माळी यांचं नाव दिलं. नाव अगदी योग्य. सावता महाराज अरणचे, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलेच, आणि स्वतः मळा पिकवणारे. पण भाजीला सावता महाराज असतील तर धान्याला दामाजीपंत हवेत, अशी माझी जुनी मागणी आहे. (तिच्याकडे कोणी लक्ष दिलेलं नाही. मी ती अजून कोणाकडे केलेलीही नाही.) पंधराव्या शतकातली गोष्ट सांगतात. दामाजीपंत मंगळवेढ्याला बिदरच्या बादशहाचे अधिकारी. दुष्काळ पडला. माणसं उपाशी आणि कोठारं भरलेली. पंतांनी कुलपं काढली आणि धान्य वाटून टाकलं. आता हा व्यवहार बारकाईने बघा. अडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही, पाकिटावर फेटेवाल्या शेतकऱ्याचं हसरं चित्र नाही. कोठारातून थेट भुकेल्याच्या पदरात. महाराष्ट्रातली ही पहिली थेट विक्री, फक्त विक्री नव्हती एवढंच.

बादशहाचा हिशोब अर्थातच थकला. पंतांना पकडून न्यायला माणसं आली. तेव्हा विठोबा विठू महाराच्या रूपाने बिदरला गेला, दरबारात मोहरा ओतल्या आणि पावती घेतली. या कथेत लोकांना पंतांची करुणा आवडते, देवाची माया आवडते. मला पावती आवडते. साक्षात पंढरीचा राणा, विटेवरून उतरून एवढा गेला, तरी पावतीशिवाय हलला नाही! सरकारी कचेरीत तोंडी शब्दाला काय किंमत असते हे त्याला ठाऊक होतं. शिवाय असं बघा, पूर्ण व्यवहारात मधला माणूस एकच आणि त्याने कमिशन घेतलं नाही. जाण्यायेण्याचा खर्च पदरचा. रोख रक्कम एवढ्या लांब नेण्याची जोखीमही त्याचीच. घट नाही, कडता नाही. असा मध्यस्थ मिळाला तर बाजार समित्या कशाला लागतील? ही कथा मी ज्वारी न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. काही जण हल्ली ज्वारीसाठी ड्रायव्हरला पाठवतात.

असो. काढणी बघायला मी गेलो. टोपी नवी घेतली होती. मालदांडी माझ्यापेक्षा उंच. त्यामुळे फोटोत टोपीच जास्त आली. ही ज्वारी परतीच्या पावसावर पेरतात आणि पुढे ती जमिनीतल्या ओलीवर येते. तिथली काळी जमीन पाणी धरून ठेवते. काढताना ताट बुडासकट उपटायचं. मी हौसेने पाच-सात ताटं उपटली आणि हातात रक्त उतरलं. माझ्या शेजारची बाई तोवर सरीच्या टोकाला पोचली होती. या कामाला हल्ली माणसं मिळत नाहीत, म्हणून ज्वारीचा पेरा कमी होत चाललाय, असं आमचा माणूस म्हणाला. मग पीक घेता कशाला, तर जनावरांना कडबा लागतो. काही वर्षी धान्याने रडवलं, कडब्याने तारलं. मी ज्याच्यावर एवढी व्याख्यानं देतो ते धान्य काही वर्षी जनावरांच्या वैरणीबरोबर आलेलं असतं, हे मी सोसायटीत अजून बोललेलो नाही.

दुपारी त्यांच्या घरी जेवायला बसलो. शेंगांची चटणी, कांदा, पातळ आमटी आणि भाकरी. भाकरी करडी होती. मी जाणकाराच्या सुरात विचारलं, "ही वेगळी जात का?"

"जात त्येच की," त्याची आई म्हणाली. "काढायच्या टायमाला पाऊस झाला न्हवं? काळी पडली. डागी हाय. पांढरी तुमच्यासाठनं येगळी काढून ठिवलीया."

तिने हे सांगताना आवाजात काहीच नव्हतं. पाहुण्याला आतून पाट आणून द्यावा तितकं साधं. मी पुढचा घास घेतला, आणि सांगायला हरकत नाही, भाकरी आमच्या घरच्यापेक्षा चांगली होती. पीठ त्या सकाळी दळलेलं होतं. आमच्याकडे महिन्याचं दळून आणतात, मग विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते, आणि ही म्हणते, "तुमची मंगळवेढ्याची."

कणसं भरलेली असताना दोन दिवस पाऊस झाला की ज्वारीचा रंग जातो. रंगामागोमाग भाव जातो. आणि आम्ही थेट घेणारे लोक त्याच्याही आधी जातो. मला राग येतो तो इथे. मधला माणूस शेतकऱ्याला लुटतो, हे आम्ही शाळेच्या निबंधापासून लिहीत आलोय, आणि ते खोटं नाही. वजनात कडता धरला जातो, हिशोबपट्टीत न मागितलेले रकाने निघतात, भाव कसा पडला हे कळेपर्यंत पोती गाडीत गेलेली असतात. पण अडत्या डागी घेतो. भाव पाडून घेतो, तरी घेतो, आणि गाडीभर घेतो. मुलीच्या लग्नाला उचल देतो. ती पुढे गळ्याशी येते हा भाग वेगळा, पण रात्री दहा वाजता ती दारात आलेली असते. आम्ही काय देतो? आम्हाला पांढरीच हवी. खडा नको, किडका दाणा नको, पाच-पाच किलोच्या पिशव्या हव्यात, दारापर्यंत यायला हव्यात आणि भाव मात्र अडत्याच्या पट्टीतला हवा. "थेट आहे ना? मग दुकानापेक्षा महाग कशी?" हा प्रश्न मला लिफ्टमध्ये विचारला गेला, विचारणाऱ्याच्या हातात कुत्र्याच्या बिस्किटांची पिशवी होती. अडत्या गेला की त्याचा वाटा आपल्याला, असं शेतकऱ्यालाही वाटतं आणि आम्हालाही. तो घेऊन जातो ट्रान्सपोर्टवाला.

परत आल्यावर मी ग्रुपवर लिहिलं : 'यंदा थोडी डागी ज्वारीही आहे. रंग गेलाय, चव उत्तम, मी स्वतः खाल्ली आहे.' निळ्या खुणा भराभर उमटल्या. मग बी विंगेतल्या देवगडवाल्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. रात्री वहिनींनी विचारलं, 'पांढरी कधी येणार?' मी स्वतः एक पोतं डागी घेतलं. आम्ही तीच खातो. पाहुणे आले की मात्र पांढरीची भाकरी होते, कारण दामाजीपंतांची गोष्ट करड्या भाकरीवर शोभत नाही.

दरम्यान माझा धंदा वाढला. एकट्यासाठी पोतं पाठवणं त्याला परवडेना म्हणून मी शेजाऱ्यांच्या मागण्या गोळा करायला लागलो. पोती पार्किंगमध्ये उतरतात. ती सोडून मी पाच-पाच किलोच्या पिशव्या भरतो. वजनाला घरातला माणसं मोजायचा काटा. पिशवी हातात घेऊन मी त्यावर उभा राहतो आणि माझं वजन वजा करतो. माझं वजन जेवणाआधी एक आणि जेवणानंतर एक असल्यामुळे थोडी घट येते. ती कोणाच्या माथी मारायची हा प्रश्न असतो. मी ती समान वाटतो. वॉचमनला पोत्यामागे चहापाणी द्यावं लागतं, म्हणून हिशोबात 'हमाली' हा रकाना आला. सुट्या पैशांची कटकट नको म्हणून रक्कम दहाच्या पटीत वर नेतो. गेल्या दिवाळीपासून 'किरकोळ' असाही एक रकाना आहे. तो कशाचा हे मला आठवत नाही, पण काढला तर बेरीज चुकते. ही मला जेवायला बोलवताना हल्ली "अडते, पानं घेतलीत" असं म्हणते.

मंगळवेढ्याहून मध्ये फोन आला होता. "काका, डागी अजून बरीच शिल्लक हाय. बगा की कुनी आसंल तर." यावर मला उपाय त्याच्याच बोलण्यातून सुचला. खताच्या दुकानात युरिया मागायला गेलं की काही दुकानदार त्यासोबत नको असलेली कुठलीतरी बाटलीही गळ्यात मारतात. शेतकरी त्याला 'लिंकिंग' म्हणतात आणि दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतात. मी एवढी वर्षं त्याच्या बाजूने हळहळत होतो, पण पद्धत म्हणून मला ती वाईट वाटली नाही.

तर कळवण्यास आनंद होतो, की पुढची खेप पाडव्यानंतर येईल. मंगळवेढ्याचा नंबर कोणी मागू नये, मिळणार नाही. पैसे आगाऊ द्यायचे आहेत, कारण मीही त्याला आगाऊ पाठवणार आहे. पार्किंगपासून वर न्यायची हमाली वेगळी पडेल. आणि पाच किलो पांढरीमागे एक किलो डागी घ्यावीच लागेल.