कलदारभाऊ

कलदारभाऊंना कोरं नाणं चालत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या केसांची बटन्‌बट दिसतेय, मुकुटाची नक्षी शाबूत आहे, असा चांदीचा रुपया कोणी मोठ्या हौसेनं पुढे केला, तर ते तो दोन बोटांत धरतात, एकदा उलटा करतात आणि परत देतात. वर मत देतात, "यानं काही कामच नाही केलं जी. नुसता गाडग्यात बसून होता." दाखवणाऱ्याच्या आजोबांबद्दलही ते हेच बोलत असावेत, असा संशय समोरच्याला येतो आणि तो बहुतेक वेळा खरा असतो.

हा माणूस फक्त सानगडीतच आहे असं समजू नका. साकोलीत, लाखनीत, पवनीत, अर्जुनी मोरगावात, जिथे म्हणून एक जुना सोनार, एक जुना मालगुजारी तलाव आणि एक पेन्शनर आहे, तिथे हा आहे. पूर्वी तो तलाठी, शाळामास्तर किंवा सोसायटीचा सचिव होता. आता त्याच्याकडे धानाच्या दोन-चार बांध्या, शर्टाच्या वरच्या खिशात भिंग आणि खालच्या खिशात तळहाताएवढा काटा असतो. हा काटा तो चहाच्या टपरीवरही काढतो. कशाचं तरी वजन केल्याशिवाय त्याला चहा उतरत नाही.

संग्रह बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. पण नाण्यांची पाकिटं पाहण्यासारखी. ती जुन्या लग्नपत्रिका कापून, मधे गोल भोक पाडून, दोन्ही बाजूंनी पारदर्शक कागद चिकटवून घरीच केलेली आहेत. त्यामुळे १८६२ सालचा रुपया तुम्ही हातात घेता तेव्हा वर 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' असं असतं, खाली अर्धवट कापला गेलेला मामा असतो, आणि कडेला बारीक अक्षरात वजन लिहिलेलं असतं : १०.९४.

हे वजन हीच कलदारभाऊंच्या आयुष्याची गुरुकिल्ली. कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला, रुपया टाकसाळीतून बाहेर पडे तो १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. तोळा तो हाच, आणि म्हणूनच सोनार रुपयाभार चांदी म्हणत. पुढे हातोहात फिरून झीज होई. आता इथे भाऊ खुर्ची पुढे ओढतात. १९०६च्या नाणे कायद्यानं रुपयाचं वजन २ टक्क्यांहून जास्त घटलं की तो कायदेशीर चलन राहत नसे, आणि असा हलका रुपया कापून टाकण्याचे अधिकार सरकारी माणसांना होते. २ टक्के म्हणजे ०.२३ ग्रॅम. एवढंच! म्हणजे खरोखर गुळगुळीत होईपर्यंत जगलेला रुपया हा सरकारच्या काट्यातून निसटलेला रुपया. तिथून सुटला तर पुढे सोनाराची मूस. "कोरे रुपये लय भेटतात," भाऊ म्हणतात, "लोकायनं पुरून ठेवले ना. घासलेला भेटनं मुश्कील." एरवी ज्याला आपण भंगार म्हणू त्याला दुर्मीळ ठरवणारा हा युक्तिवाद मी अनेकांना ऐकवून पाहिला आहे. अजून कोणाला तो खोडता आला नाही, आणि पटलेलाही नाही.

सोनार हा त्यांचा जन्माचा वैरी आणि एकमेव पुरवठादार. दुकानात गेले की सोनार आधी विचारतो, "मोडाचं हाये का भाऊ?" भाऊ दुखावतात. मग सोनार गल्ल्याखालून चार रुपये काढतो. त्याला त्यात फक्त चांदी दिसते, तीही शंभरातले ९१.७ भाग, बाकी मिश्रण. भाऊंना त्यात काय दिसतं हे भिंगालाच माहीत. १८६२चा रुपया तर त्यांचा जीव की प्राण, कारण टाकसाळीनं ते एकच साल पुढे बारा वर्षं नाण्यावर तसंच ठेवलं आणि खरं साल ओळखायला बारीक बिंदू वाढवत नेले, असं जाणकार सांगतात. कोऱ्या नाण्यावर हे बिंदू शाळकरी पोरही मोजेल. गुळगुळीत नाण्यावर ते मोजायला श्रद्धा लागते. एकाच रुपयावर भाऊंना सकाळच्या उन्हात तीन बिंदू दिसतात आणि संध्याकाळी चार, आणि पाकिटावर दोन्ही आकडे खोडून पुन्हा लिहिलेले असतात.

१९११च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. राजाच्या पोशाखावरच्या हारात कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि १९१२ला साचा सुधारावा लागला. संग्राहक त्या डुकरासाठी जादा पैसे मोजतात. भाऊंकडचा १९११चा रुपया इतका झिजलाय की त्यावर हत्तीही नाही नि डुक्करही नाही. "वादच मिटला," म्हणून त्यांनी तो घेतला.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं. सारं गाव रंगमंचाकडे बघत असतं तेव्हा भाऊ प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्यांच्या गळ्याकडे बघत असतात. जुन्या बायांच्या गळ्यात रुपयांची माळ अजून एखादी दिसते. कडी डाखलेला रुपया संग्राहकांच्या जगात बाद, पण भाऊंना तोच हवा, कारण पन्नास वर्षं लुगड्यावर घासून राणीचं नाक गेलेलं असतं. एका मंडईत एका आजीनं त्यांना विचारलंच, "का जी, कायले पायतेस माह्या गऱ्याकडं?" भाऊ म्हणाले, "आजी, तुमच्या गऱ्यात एडवर्ड हाये." आजीनं नातवाला हाक मारली. पुढच्या अंकाचा बराचसा भाग भाऊंना मंडपाबाहेरून ऐकावा लागला.

गावाचा संशय वेगळाच. सानगडीला भोसल्यांच्या काळातला किल्ला आहे, आणि जिथे किल्ला तिथे गुप्तधन हे आपल्याकडे तिसरीतल्या मुलालाही माहीत असतं. भाऊ अमावस्येला कुदळ घेऊन जातात अशी वदंता आहे. वास्तविक भाऊंना कंबरेमुळे वाकता येत नाही. तरी सावधगिरी म्हणून डब्याच्या तळाशी १८७८च्या निखात निधी कायद्याची झेरॉक्स ठेवलेली आहे. १० रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असं त्यात आहे, आणि त्या १० रुपयांखाली भाऊंनी लाल शाईनं रेघ मारली आहे.

त्याहून मोठा ताप मोबाइलवाल्यांचा. जुनं नाणं लाखांत जातं असा निरोप मोबाइलवर आला म्हणून कोणीतरी रोज दहाचं, पाचचं नाणं घेऊन दारात उभं राहतं. पाठवणाऱ्या भामट्यानं आधी 'कर' म्हणून पैसे मागितलेले असतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्ये आपल्या नावानं चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं, हे भाऊ सांगतात. लोक ऐकून घेतात आणि कोणाला हिस्सा द्यायला नको म्हणून भाऊ लपवताहेत असं ठरवून जातात. एकदा तर दोघेजण तांदूळ खेचणारं जुनं नाणं विकायला आले. म्हणे ईस्ट इंडिया कंपनीचं, रामदरबाराचं. धान पिकवणाऱ्या जिल्ह्यात येऊन तांदूळ ओढणारं नाणं विकायचं म्हणजे धाडसच. भाऊंनी घरातून मूठभर तांदूळ आणून ओसरीवर पसरला. नाण्यानं एक दाणाही हलवला नाही. शेवटी तो तांदूळ कोंबडीनं ओढला.

आता अमेरिका. भाऊंचं सगळ्यात लाडकं प्रकरण हेच, आणि कबूल केलं पाहिजे की ते खरं आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांचा तुटवडा पडला. लोकांना कागद नको, चांदी हवी. नोटा घेऊन माणसं रुपये मागायला उभी. सरकारनं १९१७च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढून पाहिली. इंग्रजांनी अमेरिकेपुढे हात पसरला, आणि एप्रिल १९१८मध्ये सिनेटर पिटमन यांच्या नावाचा कायदा होऊन तिथल्या तिजोरीतले २७ कोटींवर चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यातली जवळपास २६ कोटी डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठी इंग्रजांना विकली. एका डॉलरात २४ ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी. म्हणजे, भाऊंच्या हिशेबानं, एका डॉलरात सव्वादोन रुपये. कोणत्या सालचे किती डॉलर वितळले याची नोंद तिथल्या टाकसाळींनी ठेवली नाही. त्यामुळे तिकडचे संग्राहक आजही कोणतं नाणं किती उरलंय याचा अंदाज बांधत बसतात.

"त्यायले सांगा, इकडं या म्हना," भाऊ १९१९चा एक चपटा रुपया वर धरतात. "हा पाय डॉलर." चांदी मुशीत एकदा मिसळली की कोणती कुठली हे कळत नाही, हे मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

त्यांना तिकडच्या लोकांबद्दल आदर वाटतो तो आणखी एका गोष्टीमुळे. अमेरिकेत नाण्याला ७०पैकी गुण देतात आणि ४ गुणांच्या नाण्याला 'गुड' म्हणतात. जन्मभर ३५ टक्क्यांवर पोरं पास करणाऱ्या माणसाला हे फार दिलदार वाटलं.

वहिनींचं या सगळ्याबद्दल एक वाक्याचं मत आहे : "पैशानं पैसे इकत घेते तो मानूस." एका लक्ष्मीपूजनाला त्यांनी डबा उघडून सगळे रुपये चिंचेनं लखलखीत घासून पाटावर मांडले. शंभर वर्षांचा काळपट रंग पंधरा मिनिटांत मोरीत गेला. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लक्षुमीले चाललं, मले नाही."

गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीचा भाचा आला. मामांना आवडेल म्हणून त्यानं खास डॉलर आणला. १९२१चा, पिटमन कायद्यानंच वितळलेल्यांच्या भरपाईसाठी पाडलेल्यांपैकी. प्लास्टिकच्या डबीत, इतका चकचकीत की छपराचा पंखा त्यात फिरताना दिसे. भाऊंनी साल वाचलं आणि डोळे मिटून म्हणाले, "उधारी फिटली." मग डबी फोडली. भाचा ओरडला, "मामा, तशी ठेवली असती तर किंमत राहिली असती!"

तेव्हापासून तो डॉलर भाऊंच्या खालच्या खिशात असतो, किल्ल्या, सुपारी आणि अडकित्त्याच्या सोबत. बाजारात चालताना खुळखुळतो. मी म्हटलं, भाऊ, ही तर मुद्दाम केलेली झीज, तुमच्याच हिशेबानं लबाडी. ते म्हणाले, "घासून नाही राहिलो जी, कामाले लावलं त्याले." दर पौर्णिमेला त्याचं वजन होतं. पहिल्या पौर्णिमेपासून आतापर्यंत ०.०१ ग्रॅम उतरलंय, आणि वहिनींचं म्हणणं आहे की तेवढा तर सुपारीचा भुगा होता.