मागच्या तारखेचा सॉना

प्रिय भावोजी,

सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, म्हणून तुमचं नाव घालत नाही. घालायची गरजही नाही, कारण तुमच्या परसातल्या सॉनाच्या उद्घाटनाचा व्हिडिओ न्यू जर्सीतल्या निम्म्या मराठी घरांत पोचला आहे. सीडरच्या लाकडाचं ते आडवं पिंप, हीटरच्या जाळीला झेंडूची माळ, दारात फोडलेला नारळ आणि पंचा गुंडाळून तुम्ही फिनलंडवर दिलेलं भाषण. तिथे माणसं सुमारे ५६ लाख आणि सॉना सुमारे ३३ लाख, २०२० साली युनेस्कोने त्यांच्या सॉना-संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं, वगैरे. आकडे बरोबर होते. अख्ख्या गावाला तुमचा सॉना ठाऊक झाला. राहिली फक्त विमा कंपनी, आणि तुमची एजंट म्हणून मी.

नूतनीकरणाच्या वेळी मी मुद्दाम फोन करून विचारलं होतं, "घरात काही नवीन केलंत का?" तुम्ही म्हणालात, "नवीन कसलं वहिनी, तेच आपलं रहाटगाडगं." मी तसं लिहून घेतलं. रहाटगाडग्याला आठ किलोवॉटचा हीटर असतो, हे मला माहीत नव्हतं.

मग परवा रात्री पिंप पेटलं. कोणाला इजा झाली नाही ही देवाची कृपा, हे मात्र मनापासून म्हणते. शेजाऱ्यांच्या भिंतीवरचं व्हायनिल साइडिंग वितळून खाली लोंबलं. बंब अजून रस्त्यावर उभा असताना तुमचा मेसेज आला: "वहिनी, सॉना पॉलिसीत मागच्या तारखेने चढवता येईल का? दोन ओळींचं तर काम."

दोन ओळींचं! अहो, असल्या दोन ओळींसाठी न्यू जर्सीने १९८३ साली विमा-फसवणुकीविरुद्ध वेगळा कायदा केला. पहिल्याच खेपेला ५,००० डॉलरपर्यंत दंड, आणि माझं लायसन्स जाईल ते निराळंच. दिवाळीला तुमच्याकडच्या अनारशांचं मी तोंड भरून कौतुक केलं होतं खरं, पण इतकं नाही.

यातली खरी मौज तुम्हाला अजून कळलेली नाही. ज्यासाठी खोटं बोलायला निघालात, ते तुमच्याकडे आधीपासूनच होतं. एकदा पॉलिसी उघडून पाहा. (मायक्रोवेव्हच्या मॅन्युअलखाली असेल.) घराला लागून नसलेलं बांधकाम, म्हणजे शेड, कुंपण, सुटं गराज, 'अदर स्ट्रक्चर्स' या भागात आपोआप येतं. त्यासाठी साधारणपणे घराच्या विम्याच्या दहा टक्के रक्कम वेगळी धरलेली असते. तुमच्या घराचा विमा ५ लाख डॉलरचा, म्हणजे परसातल्या सगळ्या लवाजम्याला मिळून ५०,०००. तुमचं पिंप, शेड आणि कुंपण त्यात पाय पसरून बसलं असतं. शेजाऱ्यांच्या साइडिंगला तुमची पर्सनल लायबिलिटी होती. हीटरवर ओले टॉवेल वाळत टाकून निघून जाणं आणि नंतर फोनवरून तो हीटर चालू करणं हा शुद्ध गाढवपणा आहे, मान्य. पण माणसाच्या गाढवपणावरच तर हा धंदा उभा आहे. गॅसवर तेल तापत ठेवून मालिका बघत बसणाऱ्यांना कंपन्या रोज पैसे देतात. फिनलंडमध्येही हीटरवर वाळत घातलेले कपडे हे सॉनाच्या आगीचं नेहमीचं कारण आहे. तुमच्या भाषणात नेमकं एवढंच राहून गेलं.

तेव्हा टॉवेलला भिण्याचं कारण नव्हतं. अडचण एवढीच की टॉवेल नऊ होते. सगळे पांढरे, एका मापाचे, घडी घालून टोपलीत ठेवलेले, शिवाय तीन जळालेले. तुमच्या घरात माणसं तीन. अ‍ॅडजस्टर म्हणून जो गृहस्थ येतो तो टॉवेल मोजतो, भावोजी. मग तो फोनवर शोधतो, आणि त्याला तुमची जाहिरात सापडते: "खासगी फिनिश सॉना, तासाला ४० डॉलर, टॉवेलसह."

इथे तुमचं पिंप बुडालं. वेगळं बांधकाम जर तुम्ही परक्या माणसाला भाड्याने देत असाल किंवा त्यात धंदा करत असाल, तर त्याला या भागातून छदामही मिळत नाही. बऱ्याच पॉलिसींत वर्षाकाठी किरकोळ कमाईला धंदा म्हणत नाहीत. पण तुमच्या दरपत्रकात शनिवार-रविवारचा जादा भाव आहे, त्याला किरकोळ म्हणायची माझी हिंमत होत नाही. आणि पिंपाचं सोडा. पैसे देऊन आलेला एखादा पाहुणा दोन बिअर पोटात घालून आत बसला असता आणि तिथेच कोसळला असता तर? फिनलंडचा एवढा अभ्यास केलात, तर हेइनोलाही वाचलं असेल. तिथे २०१० साली सॉनाच्या जागतिक स्पर्धेत, ११० अंशांच्या वाफेत, एक स्पर्धक दगावला. ती स्पर्धा पुन्हा कधीच झाली नाही. घरी फुकट आलेला मित्र पडला तर पॉलिसीत पाहुण्यांच्या औषधपाण्यासाठी थोडी तरतूद असते, कोर्टकचेरी झाली तर लायबिलिटी असते. गिऱ्हाईक पडलं की हे दोन्ही दरवाजे बंद होऊ शकतात, आणि मग वकील तुमच्या घराकडे बघायला लागतो.

आता वायरिंग. हे मी पाहिलं तेव्हा मला गावाकडचे तुमचे काका आठवले, जे फ्यूज सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये जाड तांब्याची तार घालायचे. घराण्याचा वारसा अमेरिकेत आणलात. २४० व्होल्टवर आठ किलोवॉटचा हीटर ३३ अँपिअर ओढतो. हीटिंगचा भार सव्वापट धरायचा असतो, म्हणजे झाले साधारण ४२. तुम्ही तो जोडलात कपडे वाळवायच्या ड्रायरच्या ३० अँपिअरच्या लाइनला. ब्रेकर पडू लागला. तो बिचारा त्याचं कामच करत होता. तुम्ही वायर तशीच ठेवून ५० अँपिअरचा ब्रेकर बसवलात, म्हणजे आता वायर तापून लाल झाली तरी ब्रेकरला पत्ता लागणार नाही. आग टॉवेलने लागली म्हणून ही गोष्ट उघडकीला आली. टॉवेल नसता तर आग भिंतीच्या आत लागली असती, आणि भिंतीच्या पलीकडे तुमच्या लेकीची खोली आहे. यावर मला विनोद सुचत नाही.

परमिट काढलं नाहीत, कारण "टाउनशिपवाले उगाच त्रास देतात". न्यू जर्सीत आपण राहतो त्या घराचं वायरिंग स्वतः करायलाही परवानगी आहे. फक्त परमिट घ्यायचं आणि इन्स्पेक्टरला दाखवायचं. परमिट नाही म्हणून क्लेम आपोआप बुडतो असंही नाही. पण ते पॅनेल पाहिल्यावर पुढच्या वर्षी तुम्हाला पदरात घ्यायचं की नाही, हे कंपनी ठरवू शकते.

आणि हे सगळं कशासाठी, तर हप्ता वाढेल म्हणून. विजेवर चालणारा, यूएलची खूण असलेला, परमिट घेऊन बसवलेला सॉना म्हटलं की बहुतेक कंपन्या हप्त्याला फारसा हात लावत नाहीत. लाकूड जाळणारा असता तर धुरांडं कसं आहे, घरापासून किती लांब आहे, फोटो पाठवा, असे चार प्रश्न आले असते. तुम्ही जेवढा वेळ झेंडूची माळ ओवलीत त्याहून कमी वेळात फोनवर काम झालं असतं.

अ‍ॅडजस्टर मंगळवारी सकाळी दहाला येतो आहे. तोवर टॉवेल, ब्रेकर, राख, कशालाही हात लावू नका. जाहिरात काढून टाकू नका; मी आणि बहुधा त्यानेही तिचा फोटो घेतलेला आहे. त्याला चहा द्या, पण फिनलंड सांगू नका. तुमचा मेसेज मी फाइलला लावला आहे, खाली माझं "नाही" हे उत्तरही.

कळावे, लोभ असावा.

तुमची वहिनी (आणि अजून तरी एजंट)

ता. क. नवा सॉना आता बेसमेंटमध्ये, बारसकट, करायचा बेत असल्याचं ऐकते. घराच्या आत बांधलेला सॉना घराच्याच रकमेत धरतात, तेव्हा हिशोब आधीच करून ठेवा. घर पुन्हा बांधायला आज ६ लाख लागतात. भरपाई पूर्ण मिळायला त्याच्या ८० टक्के म्हणजे ४ लाख ८० हजारांचा विमा हवा. तुमचा ५ लाखांचा आहे, ठीक. बेसमेंटवर ६० हजार घातलेत की घर ६ लाख ६० हजारांचं होतं आणि ८० टक्क्यांची रेघ ५ लाख २८ हजारांवर सरकते. तुम्ही तिच्या खाली, म्हणजे भरपाईही त्याच प्रमाणात कमी. मग स्वयंपाकघरात ५०,००० चं नुकसान झालं तरी हाती येणार साधारण ४७,०००, आणि त्यातूनही डिडक्टिबल वजा. कंत्राटदाराचा कागद आला की सही करण्याआधी मला पाठवा.