सप्रेम नमस्कार, लिनलिथगोसाहेब!

माननीय लॉर्ड लिनलिथगोसाहेब, माजी व्हाइसरॉय, हिंदुस्थान, यांच्या सेवेशी गोंदियाच्या एका करदात्याचा सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, परवा पाहुण्यांना हैदराबादच्या विमानात बसवायला बिरशीला जाणं झालं. गोंदियापासून बारा-तेरा किलोमीटर, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आणि मध्येच एकदम विमानतळ. ही धावपट्टी 1940 साली आपल्या सरकारनं दुसऱ्या महायुद्धासाठी केली. हिटलर युरोपात आणि त्याचा बंदोबस्त बिरशीत! ही दूरदृष्टी पाहून ऊर भरून आला. पुढे लढाई आटोपली, आपले लोक गेले, पट्टी राहिली. ती बांधकाम खात्याकडून एमआयडीसीकडे आणि तिथून विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. 2004 मध्ये आमचे प्रफुल्ल पटेल केंद्रात विमान वाहतूक मंत्री झाले तेव्हा तिचं नशीब उघडलं आणि वैमानिक घडवणारी शाळा आली. तिकीट काढून बसणारा प्रवासी आला तो मार्च 2022 मध्ये. ती सेवाही बंद पडली, मग डिसेंबर 2023 मध्ये दुसरी सुरू झाली. म्हणजे लढाईच्या घाईत केलेल्या कामाचा लाभ जनतेला 82 वर्षांनी मिळाला. आमच्याकडच्या सिंचन प्रकल्पांच्या मानानं हा वेग वाईट नाही, गैरसमज नसावा.

पण हे पत्र धावपट्टीचे आभार मानायला नाही. जनतेला नको असलेली लढाई कशी चालवावी, तिचे पैसे कुठून काढावेत आणि ती चालू असताना खुर्च्यांची मांडणी कशी करावी, याचा वस्तुपाठ आपण घालून दिलात. आमचे लोक अजून त्याच वहीवरून उतरवून घेतात आणि मूळ लेखकाचं नाव कुणी घेत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

3 सप्टेंबर 1939 रोजी आपण जाहीर केलंत की हिंदुस्थान जर्मनीशी युद्धात उतरला आहे. केंद्रीय कायदेमंडळाला विचारलं नाही, प्रांतांत निवडून आलेल्या मंत्र्यांना विचारलं नाही, गांधींना नाही, जीनांनाही नाही. कुणाच्याच बाबतीत पक्षपात नाही! असा समभाव आता पाहायला मिळत नाही. गंमत म्हणजे साहेब, विचारण्याच्या कामात आपण मुळात तरबेज. 1926 साली नेमलेल्या शेती आयोगाचे अध्यक्ष आपणच. बियाणं, बैल, सावकार, पाटाचं पाणी असे प्रश्न विचारून विचारून आपण साक्षींचे खंडच्या खंड भरलेत आणि 1928 मध्ये अहवाल दिलात. शेतकऱ्याचं मत त्याच्या गोऱ्ह्याबद्दल घ्यायचं असतं, त्याच्या देशाला लढाईत उतरवताना घ्यायचं नसतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक होतं.

हे मी आमच्या पानठेल्यावर सांगितलं तेव्हा चुना लावता लावता एक भाऊ म्हणाले, "मंग आता कोन इचारते जी? टीव्हीवर रोज रात्री नऊले लढाई लागते. आपल्याले इचारून लागते का?" त्यांना उत्तर देण्याइतका मी शिकलेलो नाही.

काँग्रेसवाल्यांना मात्र विचारून घ्यायची वाईट खोड. त्यांची कार्यकारिणी वर्ध्याला बसली आणि 14 सप्टेंबरला तिनं उलट आपल्यालाच विचारलं : लढाई लोकशाहीसाठी आहे म्हणता, मग ती लोकशाही हिंदुस्थानात कधी? आपण महिनाभर पुढाऱ्यांच्या गाठीभेटी घेतल्यात, चहा पाजलात आणि 17 ऑक्टोबरला उत्तर दिलंत, लढाई संपल्यावर बघू. आमच्या पुढाऱ्यांनी यात एवढीच सुधारणा केली की 'लढाई'च्या जागी 'निवडणूक' घातली.

झालं, प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. आमच्या मध्य प्रांत-वऱ्हाडातलं रविशंकर शुक्लांचं मंत्रिमंडळ नोव्हेंबरात गेलं. (गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातली तहसील. स्वतंत्र जिल्हा व्हायला 1 मे 1999 उजाडावा लागला.) दुसरा कुणी असता तर घाबरला असता. आपण 1935 च्या कायद्यातलं कलम 93 काढलंत. आता गव्हर्नर हेच मंत्रिमंडळ आणि गव्हर्नर हेच कायदेमंडळ. अंदाजपत्रक तेच मांडणार आणि तेच मंजूर करणार. विरोधी बाकं नाहीत, कपातसूचना नाही, सभात्याग नाही, अध्यक्षांच्या समोर कागद भिरकावणं नाही. केवढी शांतता असेल त्या सभागृहात! 2022 नंतर महाराष्ट्रातल्या कित्येक नगरपालिका-महापालिकांत वर्षानुवर्षं निवडणुका झाल्या नाहीत आणि प्रशासक स्वतःच बजेट मांडून स्वतःच त्याला मान्यता देत राहिले, तेव्हा आपली फार आठवण झाली. आम्हाला तर त्यासाठी लढाईसुद्धा लागली नाही.

मुदतवाढीचं तंत्रही आपल्याच काळातलं. दिल्लीचं केंद्रीय कायदेमंडळ 1934 साली निवडून आलं होतं, ते 1945 पर्यंत बसून होतं. तिकडे आपल्या मायदेशी 1935 ची पार्लमेंटही 1945 पर्यंत. लढाई चालू असताना निवडणूक घेणं बरं दिसत नाही, हा विचार आमच्या सरपंचांपर्यंत पोचला नाही हे गावांचं नशीब.

आता लढाई नावडती होती म्हणजे नेमकी कुणाची, हे सांगणं मला जरा कठीण जातं. 17 ऑक्टोबर 1940 ला विनोबांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. या युद्धाला माणसं देऊन किंवा पैसा देऊन मदत करणं चूक आहे एवढंच बोलायचं आणि तुरुंगात जायचं. 'ना एक पाई, ना एक भाई' ही घोषणा तेव्हाचीच. ती ज्या डाव्यांना फार आवडायची, त्यांच्यातल्या कम्युनिस्टांसाठी जून 1941 पर्यंत हे साम्राज्यवाद्यांचं युद्ध होतं. मग हिटलर रशियात घुसला आणि काही महिन्यांत तेच लोकयुद्ध झालं. जुलै 1942 मध्ये आपण त्यांच्या पक्षावरची बंदी उठवलीत. सावरकर तरुणांना सैन्यात जा म्हणून सांगत होते, कारण बंदूक चालवायला फुकट शिकायला मिळते. जीनांनी काँग्रेस मंत्रिमंडळं गेली म्हणून 22 डिसेंबर 1939 ला मुक्तिदिन पाळला. लढाई एकच, पण प्रत्येकानं आपल्या मापाची बेतून घेतली. आणि ऑगस्ट 1942 मध्ये चिमूर-आष्टीला लोक पोलिसांवर चालून गेले, तेव्हा त्यांनी कुणाच्याच मापाची वाट पाहिली नाही.

तर 'भाई' आपल्याला मिळाले. दोन लाखांचं सैन्य लढाई संपेपर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेलं आणि सगळी भरती ऐच्छिक! उपाशी पोटाची इच्छा फार दांडगी असते साहेब. पण खरी कला आपण 'पाई'मध्ये दाखवलीत. तिच्यापुढे मी टोपी काढतो.

नावडत्या लढाईसाठी थेट कर लावला की लोक बोंब मारतात. म्हणून आधी हिंदुस्थान आणि ब्रिटन यांच्यात खर्चाची वाटणी ठरली. हिंदुस्थानच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थान करील, त्यापलीकडचा ब्रिटन देईल. ऐकायला किती न्यायाचं! फक्त ब्रिटननं आपला वाटा रोख दिला नाही. इथून धान्य घेतलं, कापड घेतलं, बूट घेतले, तंबू घेतले आणि त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवली. त्या जमेच्या कागदावर इथे रिझर्व्ह बँकेनं रुपये छापले. आमच्या गोंदियाच्या बाजारातला किराणावाला उधार देतो, पण वही स्वतःच्या गल्ल्यात ठेवतो. आपण माल उधार नेलात, वहीही नेलीत आणि दुकानदाराला सांगितलंत, व्यापाऱ्याला द्यायला पैसे नसतील तर घरीच छाप. 1939 मध्ये चलनात सुमारे 180 कोटींच्या नोटा होत्या, लढाई संपेपर्यंत त्या अकराशे कोटींच्या वर गेल्या. भाव अडीचपटीच्या आसपास चढले. हा असा कर, ज्याचं विधेयक मांडावं लागत नाही आणि ज्याची पावती कुणी मागत नाही. 1943 मध्ये बंगालात लाखो माणसं उपासमारीनं मेली. इथे थट्टा करता येत नाही.

नाण्यांचंही तेच. 1940 मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि एक रुपयाची कागदी नोट हातात पडली. 1943 मध्ये तर धातू वाचवायला तांब्याच्या पैशाला मधोमध मोठं भोक पाडलं. आमच्या आजीच्या पिढीनं तो 'भोकाचा पैसा' कनवटीला बांधून ठेवला होता. सगळ्या देशांचे अर्थमंत्री लोकांच्या खिशाला भोक पाडतात. आपल्या अर्थखात्याचे रेझमनसाहेब प्रामाणिक, त्यांनी थेट पैशालाच पाडून दाखवलं.

रेझमनसाहेबांची आणखी एक आठवण आमच्या भागाला आहे. मोठ्या कंपन्यांच्या जादा नफ्यावर 1940 पासून त्यांनी कर लावला, आधी निम्मा, पुढल्या वर्षी दोनतृतीयांश, तो ठीकच. पण तेवढ्यानं भागेना, तेव्हा फेब्रुवारी 1943 च्या अंदाजपत्रकात त्यांची नजर तंबाखूवर गेली. भंडारा-गोंदिया म्हणजे विडीचा मुलूख. जंगलातून तेंदूपत्ता यायचा, बाहेरून तंबाखू यायचा आणि घराघरांत बाया मांडीवर सूप घेऊन हजाराच्या हिशेबानं विड्या वळायच्या. त्याच महिन्यात तिकडे स्टालिनग्राडला जर्मन सैन्य शरण आलं होतं. स्टालिनग्राड कुठल्या तहसिलीत येतं हे आमच्या विडीवाल्याला माहीत नव्हतं, पण त्याच्या लढाईला प्रत्येक झुरक्यामागे वर्गणी मात्र तो देऊ लागला. जिल्ह्यातल्या मालगुजारांकडून युद्धनिधी गोळा करायला साहेबांना दौरे काढावे लागत. विडीवाल्याकडे कुणाला जावंही लागलं नाही.

खुर्च्यांबद्दल काय बोलावं! लढाई चालू झाल्यावर आपल्या कार्यकारी मंडळाला एकाएकी हिंदी माणसांची गरज भासली. 1941 मध्ये मंडळ वाढलं, 1942 मध्ये पुन्हा वाढलं. यवतमाळचे बापूजी अणे आले. पण फेब्रुवारी 1943 मध्ये गांधींचं एकवीस दिवसांचं उपोषण सुरू झालं आणि आपण त्यांना सोडत नाही म्हटल्यावर अणे खुर्ची सोडून निघाले. त्याच वर्षी आमच्याच प्रांताचे एकेकाळचे मुख्यमंत्री ना. भा. खरे आत आले, ज्यांना काँग्रेसनं 1938 मध्ये बाहेर काढलं होतं. एका दारानं विदर्भ बाहेर, दुसऱ्या दारानं विदर्भ आत. अनुशेष तेवढा राहिला नाही. जुलै 1942 मध्ये बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री झाले. आपल्याला युद्धासाठी एक नाव हवं होतं, त्यांनी त्या खुर्चीतून कामगारांची कामं करून घेतली. हा आपला हिशेब चुकला. (त्याच बाबासाहेबांना 1954 च्या पोटनिवडणुकीत आमच्या भंडाऱ्यानं पाडलं. विचारलं असताना आम्ही काय उत्तर देतो, त्याचाही हा नमुना.)

आपण स्वतः 1936 पासून ऑक्टोबर 1943 पर्यंत टिकलात. इतकी वर्षं सलग दुसरा कुठलाही व्हाइसरॉय बसला नाही. आणि ज्यांच्या नावानं लढाई जिंकली त्या चर्चिलसाहेबांचं काय झालं? मे 1945 मध्ये त्यांनी विजयाची दोन बोटं दाखवली, 26 जुलैला मतपेट्या उघडल्या आणि मजूर पक्षाच्या 393 जागा निघाल्या. लढाई त्यांच्या लोकांना नको होती असं नव्हे, पण लढाईनंतर घर, औषध आणि नोकरी कोण देणार एवढं त्यांनी विचारलं. चर्चिलसाहेबांना हिंदुस्थानचं देणं फार खुपत होतं, तेच देणं नवे पंतप्रधान ॲटली यांच्या टेबलावर आलं. लढाई संपेपर्यंत ते सुमारे 1,300 दशलक्ष पौंडांवर गेलं होतं. आम्हाला वाटलं, आता वही परत येणार. 1948 च्या करारात तो हिशेब बसला, तेव्हा आपलं सैन्य इथे टाकून गेलेलं सामान आम्ही त्याच जमेतून विकत घेतलं आणि आपल्या निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनही त्यातूनच वळती करून दिली. घेणेकरी असावा तर असा.

एप्रिल 1946 मध्ये रविशंकर शुक्ल पुन्हा मुख्यमंत्री झाले. मधली साडेसहा वर्षं मध्य प्रांतानं कुणाला काही विचारलं नाही आणि प्रांताला कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे हल्ली लढाई नसतानाही मंत्रालयात 'वॉर रूम' असते आणि प्रत्येक पक्षाचीही वेगळी असते. तिथे कोण कुणाशी लढतं हे कुणी सांगत नाही. पण खर्च दिसतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक करदाता, गोंदिया

ता. क. : तंबाखूवर लावलेल्या त्या कराला पुढल्याच वर्षी, 1944 मध्ये, आपल्या सरकारनं केंद्रीय अबकारी कायद्यात बसवलं. लढाई 1945 ला संपली, साम्राज्य 1947 ला संपलं, तो कायदा बहुतेक मालापुरता 30 जून 2017 पर्यंत चालला आणि तंबाखूपुरता अजूनही चालू आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि विडीवर 28 टक्के लागले.