सोडतीत नाव नको

रात्री पावणेनऊच्या विरार गाडीने भाईंदरला उतरलेला माणूस घराऐवजी स्टेशनरीच्या दुकानाकडे धावला, की समजावं, उद्या पोराचा ज्वालामुखी आहे. सरकारने २०१८ साली थर्माकोलवर बंदी घातली. प्रकल्पांवर घालायची राहून गेली. म्हणून आता सनबोर्ड. मध्यरात्रीपर्यंत बाबा कापतात, आई चिकटवते, आजोबा लाव्ह्याचा रंग चुकल्याचं सांगतात. ज्याचा प्रकल्प, तो घोरत असतो.

आमच्या ज्वालामुखीला बाईंनी 'ब' दिला. समोरच्या वहिनींना 'अ' मिळाला. पण त्या आर्किटेक्ट आहेत, ही काही बरोबरीची लढत नव्हे.

एवढा उत्साही पालक असल्यावर शाळेने बिचकून असायला हवं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'उद्या बूट पांढरे की काळे?' या प्रश्नाला चौसष्ट उत्तरं येतात, त्यांत अकरा 'सेम क्वेश्चन'. फी वाढली तेव्हा मात्र अश्रू ढाळणाऱ्या इमोजीपलीकडे कोणी गेलं नाही.

खरं तर बोलायची जागा कायद्यानेच दिली आहे. २०११च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे खासगी शाळेला फीचा प्रस्ताव शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. अध्यक्ष मुख्याध्यापक, पण उपाध्यक्ष पालक. इच्छुक पालकांतून सदस्य निवडायचे तेही सोडतीने! म्हाडाच्या घरासाठी देव पाण्यात ठेवणारे आम्ही; पण या सोडतीत नंबर लागू नये म्हणून नवस बोलतो. कारण एकच : "मुलावर राग काढतील हो!" शिवाय सभा शनिवारी सकाळी अकराला. त्या वेळी मीरा-भाईंदरचा निम्मा पालक चर्चगेटच्या बाजूला असतो.

महापालिकेच्या शाळेत तर शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकच असायला हवेत. तिथे रोजंदारी बुडवून आलेल्या आईपुढे रजिस्टर सरकवतात : "ताई, इथे सही करा." कशावर, ते विचारायचं नसतं. आम्ही शिकलेसवरलेले तर सहीलाही जात नाही.

गेल्या वर्षी हिय्या करून मीच नाव दिलं. इच्छुक एकटा मीच. चिठ्ठी काढावीच लागली नाही. घरी आलो तर बायको म्हणाली, "झालं! आता पोराला गॅदरिंगमध्ये झाड करणार." केलंच. पण फीचा कागद मी पहिल्यांदा ओळीओळीने वाचला, आणि 'इतर उपक्रम' म्हणजे काय, हे विचारलं. उत्तर अजून यायचं आहे.

शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत संघ स्थापन व्हायचा असतो. यंदा तुम्ही नाव द्या. सनबोर्ड मी कापून देतो.