मांडवाबाहेरचे मामा

वन अपॉन वन प्लस एक्स स्क्वेअर. इतकं सज्जन फंक्शन शोधून सापडायचं नाही. छेद कधी शून्य होत नाही, आलेख कुठे तुटत नाही. मधे एक टेकाड, दोन्हीकडे सावकाश उतार. म्हणूनच एम-वनच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या गणिताच्या, मुलांना घातश्रेणी काढायला मी पहिलं हेच देतो आणि गंमत बघत बसतो.

मेहनती मुलं लगेच मॅक्लॉरिनला भिडतात. डेरिव्हेटिव्ह काढा, एक्सच्या जागी शून्य घाला, एन फॅक्टोरियलने भागा, झाला कोएफिशंट. तिसऱ्या डेरिव्हेटिव्हला पान भरतं, चौथ्याला चिन्ह चुकतं, पाचव्याला पाण्याची बाटली लागते. मागच्या बाकावरचा एखादा आळशी मात्र भूमितीय श्रेणीत उणे एक्स वर्ग टाकून मोकळा होतो : एक वजा एक्सचा वर्ग, अधिक चौथा घात, वजा सहावा... (आळसाला गणितात जितका मान आहे तितका घरात नाही.)

मग अभिसरणाची त्रिज्या, म्हणजे शून्यापासून किती अंतरापर्यंत श्रेणीची बेरीज जमते ते. रेशो टेस्ट सगळ्यांना पाठ, त्यामुळे कोएफिशंटला कोएफिशंटने भागणं सुरू.

"सर, छेदात शून्य आलं!"

येणारच. विषम घातांचे कोएफिशंट सगळे शून्यच आहेत. अरे, शून्याची पदं सोडा, उरलेल्यांचंच गुणोत्तर घ्या. त्रिज्या निमूट १ येते.

पण १ च का? दोनपाशी फंक्शन ठणठणीत आहे, किंमत ०.२. श्रेणीत मात्र दोन घाला, की बेरजा येतात १, उणे ३, १३, उणे ५१, २०५! मांडवात सगळे हसतमुख, तरी पंगत अडलेली, कारण मामा बाहेर गाडीत रुसून बसलेत, त्यातला प्रकार. या मामांचं नाव आय, म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. संख्यारेषेच्या मांडवात ते दिसत नाहीत, पण छेद शून्य करतात तेच. शून्यापासून त्यांचं अंतर बरोबर १, म्हणून त्रिज्याही १. खालच्या अंगाला तितक्याच अंतरावर उणे आय मामी.

हीच श्रेणी पदागणिक इंटिग्रेट केली की टॅन इन्व्हर्सची मिळते. त्रिज्या तीच, पण टोकावर स्वभाव पालटतो. एक्स १ असताना पहिलीच्या बेरजा १, ०, १, ० अशा झुलत राहतात. दुसरी मात्र 'पाय'च्या चौथ्या हिश्शाकडे जाते. चौदाव्या शतकातल्या केरळच्या माधवाच्या नावावर असलेली श्रेणी ती हीच. चाल एवढी संथ, की १०० पदं मांडून चारने गुणलं तरी हाती ३.१३ च.

तेव्हा मुलांनो, 'त्रिज्या १' लिहून खाली दोन रेघा ओढायची घाई नको. आधी दोन्ही टोकं घालून बघा. पेपर तपासणारा मार्क तिथेच कापतो.